टाकीत ठेवल्याने शिनाण्यांतलं विष निघतं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मालवणजवळच्या खाडीत तुमचा बचतगट तराफ्याला दोर बांधून शिनाण्या, म्हणजे हिरव्या कवचाचे शिंपले (मसल), वाढवतो. गोव्यातल्या एका हॉटेलला तुमचा माल हवा आहे, पण त्यांना सोबत 'विषमुक्त' असा कागद पाहिजे. टाकी विकणारा सांगतो की अतिनील (यूव्ही) दिव्याने जंतू मारलेल्या पाण्यात 48 तास ठेवलं की सगळं विष बाहेर पडतं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, की प्रयोगशाळेत शिंपल्यातून विष वेगळं काढतातच, मग तेच मोठ्या प्रमाणावर करून माल शुद्ध का करता येत नाही?

बावीस वर्षं मी समुद्री अन्नाच्या तपासणीत काढली, त्यातली निम्मी शिंपल्यांच्या विषावर. त्या अनुभवावरून सांगतो. टाकी जरूर घ्या, पण विषासाठी म्हणून घेऊ नका. विक्रेता कदाचित खोटं बोलत नसेल, पण दोन वेगळ्या गोष्टी तो एकाच शब्दात गुंडाळतोय. एक म्हणजे जंतू, दुसरी म्हणजे विष. तुमची खरी अडचण इथेच आहे.

जंतू म्हणजे सांडपाण्यातून खाडीत आलेले जिवाणू आणि विषाणू. शिनाणी तासाला काही लिटर पाणी गाळते आणि त्या पाण्यातलं जे असेल ते पोटात घेते. जिवाणू बहुतेक तिच्या आतड्यात असतात. स्वच्छ पाण्यात ठेवली, की ती शिंपली उघडते, पाणी गाळत राहते आणि विष्ठेबरोबर ते जिवाणू बाहेर टाकते. टाकीचं काम एवढंच. ब्रिटनमध्ये यासाठी किमान 42 तास धरतात, तुमच्या विक्रेत्याचे 48 तास त्याच हिशोबातले असावेत. आपल्याकडे घरोघरी तिसऱ्या (छोटे शिंपले) रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवतात ना, वाळू सुटावी म्हणून? तत्त्व तेच. वाळू सुटते, जिवाणू बऱ्यापैकी सुटतात. विषाणू मात्र चिवट. 1988 मध्ये शांघायला नीट न शिजवलेले शिंपले खाऊन जवळजवळ तीन लाख लोकांना हिपॅटायटिस ए, म्हणजे विषाणूची कावीळ, झाली होती. टाकीतून काढलेला माल कच्चा खायला निर्धोक, असं म्हणूनच कुणी समजू नये.

विषाची गोष्ट वेगळी आहे. ते शिनाणी स्वतः तयार करत नाही. पाण्यातली काही सूक्ष्म शैवालं ते बनवतात, शिनाणी ती शैवालं खाते आणि विष तिच्या अंगात साठतं. तिला स्वतःला त्याने फारसं काही होत नाही. दिसायला, वासाला, चवीला ती अगदी ताजी असते. उघडून पाहिलीत तर मांसात मधोमध काळपट हिरवी गाठ दिसते. ती तिची पचनग्रंथी. विषाचा मोठा भाग तिथे असतो, काही जातींत तो इतर अवयवांतही उतरतो. आतड्यातला जिवाणू जसा वाहून जातो तसा हा रेणू जात नाही, कारण तो पेशींच्या आत शिरलेला असतो. शरीराने तो हळूहळू फोडून किंवा सोडून द्यावा लागतो. त्याला किती वेळ लागेल हे विषाच्या प्रकारावर आणि शिंपल्याच्या जातीवर ठरतं. शिनाणीसारख्या जाती पाण्यातला शैवालांचा बहर ओसरल्यावर काही दिवसांत ते काही आठवड्यांत मोकळ्या होतात. अलास्काच्या किनाऱ्यावरचा बटर क्लॅम हा शिंपला मात्र एक विष दोन वर्षांपर्यंत धरून ठेवतो. त्याचं शास्त्रीय नाव सॅक्सिडोमस, आणि सॅक्सिटॉक्सिन या मज्जातंतूंवर परिणाम करणाऱ्या विषाला नाव मिळालं ते त्याच्यावरूनच. असं विष 48 तासांत जाईल अशी हमी कुठलाही दिवा देऊ शकत नाही. अतिनील किरण पाण्यातले जंतू मारतात, मांसातल्या रेणूपर्यंत ते पोचतच नाहीत.

स्वयंपाकाचंही तेच. लोक म्हणतात, चांगलं उकळलं की झालं. सॅक्सिटॉक्सिन उकळत्या पाण्यात टिकतं, आंबटात तर आणखी छान टिकतं, त्यामुळे सोलं घालून काही साधत नाही. ते पाण्यात विरघळतं, म्हणून थोडं उकडीच्या पाण्यात उतरतं. आणि आपण ते पांढरट पाणी फेकतो थोडंच? आजाऱ्याला, बाळंतिणीला कढण म्हणून देतो. जुलाब करणारं जे दुसरं विष आहे, ओकाडेइक आम्ल, ते पाण्यात फारसं उतरत नाही. वाफवल्यावर मांसातलं पाणी निघून जातं आणि ग्रॅममागे विषाचं प्रमाण उलट थोडं वाढतं. चांदीचा चमचा काळा पडतो का ते पाहायचं, लसणीचा रंग पाहायचा, हे सगळं मी लहानपणी आजीकडून ऐकलेलं आहे. आजीच्या हातची एकशिपी मला आजही आठवते, पण या परीक्षांना काही अर्थ नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कारण मला तो फार आवडला. प्रयोगशाळेत विष वेगळं काढतात हे खरं. पण ते कशासाठी आणि कशाची किंमत देऊन काढतात ते समजून घ्या. नमुना आला की आम्ही शिंपले उघडून सगळं मांस काढतो आणि त्याचा एकजीव लगदा करतो. त्यातला मोजून घेतलेला थोडा भाग द्रावकात घोळवतो, गाळतो, नको ते प्रथिन आणि चरबी बाजूला करतो आणि उरलेला थेंबभर अर्क यंत्रात सोडतो. यंत्र त्याची तुलना शुद्ध प्रमाण-द्रावणाशी, म्हणजे ज्यातलं विष नेमकं मोजलेलं आहे अशा द्रावणाशी, करून आकडा देतं. मागे जे उरतं ते खाण्याजोगं नसतं. विष काढून शिनाणी परत मिळत नाही, शिनाणी मोडून फक्त एक आकडा मिळतो. मोठ्या प्रमाणावर केलंत तर हाती मोठा लगदाच येईल.

शुद्ध विषाचं म्हणाल तर तो वेगळाच प्रांत आहे. आमच्याकडे प्रमाण-द्रावण येतं ते काचेच्या लहानशा सीलबंद कुपीत, मायक्रोग्रॅमच्या मापात. कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेसारख्या मोजक्या संस्था ते तयार करतात. प्रत्येक कुपीची नोंद, कुलूप, वापरल्याची सही. सॅक्सिटॉक्सिन हे रासायनिक शस्त्रबंदीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि आपल्याकडेही त्यासाठी 2000 सालचा कायदा आहे. कुणी हौशीने किंवा कॉलेजच्या प्रकल्पासाठी ते काढायला बसू नये, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही.

वेगळं काढण्याचं खरं मोल कुठे आहे ते एका घटनेवरून सांगतो. 1987 च्या हिवाळ्यात कॅनडात प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या शिनाण्या खाऊन शंभराहून जास्त माणसं आजारी पडली आणि तीन दगावली. उलट्या-जुलाब तर झालेच, पण काहींची ताजी स्मृतीच पुसली गेली. ओळखीच्या कुठल्याही विषाशी ती लक्षणं जुळत नव्हती. हॅलिफॅक्सच्या शास्त्रज्ञांनी विषारी आणि निर्विष अशा दोन्ही शिनाण्यांचे अर्क शेजारी शेजारी ठेवले, अर्काचे भाग पाडत गेले आणि प्रत्येक वेळी ज्या भागात विषारीपणा राहिला त्याचाच माग काढला. चार-पाच दिवसांत उत्तर हाती आलं, डोमोइक आम्ल. हा पदार्थ जपानी शास्त्रज्ञांना आधीच माहीत होता. तिकडच्या एका समुद्री शेवाळात तो सापडला होता आणि ते शेवाळ लोक पोटातले जंत पाडायला वापरत. अल्प मात्रेतलं औषध शिनाणीत साठून जीव घेऊ शकतं, हे त्या हिवाळ्यात जगाला कळलं. विष पाण्यातल्या एका डायटमने, म्हणजे एका सूक्ष्म शैवालाने, बनवलेलं होतं हेही पुढे सिद्ध झालं. काय शोधायचं ते नक्की कळल्यामुळेच मग तपासणीची पद्धत आणि मर्यादा ठरवता आली. तिथल्या शिनाण्यांचा धंदा परत उभा राहिला तो माल धुऊन नव्हे, नियमित तपासणीवर.

इथे एक अपवाद सांगायला हवा, नाहीतर कुणीतरी मला तो दाखवेलच. युरोपात स्पेनमधल्या एका जातीच्या कोकल या शिंपल्यांना, सॅक्सिटॉक्सिन मर्यादेपेक्षा काहीसं जास्त असलं तरी, ठरवून दिलेल्या उष्णताप्रक्रियेनंतर डबाबंद विक्रीची परवानगी आहे. मोठ्या स्कॅलप या पंख्याच्या आकाराच्या शिंपल्याचंही तसंच. डोमोइक आम्ल त्याच्या पचनग्रंथीत साठतं, ती काढून टाकून फक्त पांढरा स्नायू विकता येतो. पण हे सगळं परवानाधारक कारखान्यात, दर लॉट आधी आणि नंतर तपासून चालतं. शिनाणी आपण पचनग्रंथीसकट अख्खी खातो, त्यामुळे ती वाट आपल्याला बंद आहे.

'आपल्याकडे असलं काही होत नाही' असंही तुमच्या गटातल्या कुणीतरी म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय. होतं, ताई. 1981 मध्ये तामिळनाडूच्या किनाऱ्यावर शिंपले खाऊन 85 जणांना इस्पितळात न्यावं लागलं, तिघं गेली. 1983 मध्ये मंगळूरजवळ, म्हणजे आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, पुन्हा तसंच झालं. 1997 मध्ये केरळात विळिंजमला सात जण गेले आणि पाचशेहून जास्त लोक इस्पितळात पोचले. त्यांनी खाल्ली होती तिकडची तपकिरी शिनाणी, तुमच्या हिरवीची सख्खी बहीण. कोकणात रोज कुणी शोधत नाही म्हणून ते नाहीच, असं मला म्हणवत नाही. घाबरवायचं म्हणून हे लिहीत नाही. या सगळ्या ठिकाणी वर्षानुवर्षं लोक तेच शिंपले खात आले होते आणि एक हंगाम वेगळा निघाला.

मग करायचं काय? हे तुमच्या खाडीवर बरंच अवलंबून आहे. तराफा मुखाशी आहे की आत, वर गाव किती मोठं, पावसाळ्यात पाणी किती गोडं होतं, आणि हॉटेल शिजवून देणार की कच्चं, हे मला माहीत नाही. तरी माझ्या हातात असतं तर मी कसा गेलो असतो ते सांगतो.

आधी पाण्यावर नजर. रंगावर विसंबू नका. पाणी तांबडं झालं म्हणजे विष, असं नसतं. लाटा रात्री निळ्या चमकतात तेव्हा लोक घाबरतात. ती चमक बहुतेकदा नॉक्टिल्युका या सूक्ष्म जीवाची असते. मासे मरतात ते त्यातल्या अमोनियाने आणि प्राणवायू कमी झाल्याने, शिंपल्यांत साठणारं हे विष नॉक्टिल्युका बनवत नाही. उलट अलेक्झांड्रियमसारख्या विष बनवणाऱ्या शैवालाच्या लिटरमागे काही शे पेशी असल्या तरी सावध व्हावं लागतं, आणि तेवढ्याने पाण्याचा रंग तसूभरही बदलत नाही. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहावरून शैवालबहराची माहिती देते, ती पाहत जा. पण उपग्रहाला हिरवेपणा दिसतो, विष दिसत नाही. त्यामुळे आठवड्यातून एकदा तराफ्याजवळचं पाणी बाटलीत घ्या, चहाच्या रंगाचं होईपर्यंत थेंब थेंब लुगॉलचं आयोडीन (नमुना टिकवणारं द्रावण) घाला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहू शकेल अशा माणसाकडे पाठवा. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. अशा ठिकाणी विचारून पाहा. तुमच्यासारख्या गटाच्या नियमित नमुन्यांत अभ्यासकांनाही रस असतो.

मग काढणीआधी मांसाची तपासणी. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) हिची मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा, पण नुसती मान्यता पाहू नका. मान्यतेच्या यादीत हीच विषं आणि हीच पद्धत आहे का ते फोन करून विचारा. जंतूंची तपासणी करणाऱ्या सगळ्यांकडे विषाचं यंत्र नसतं. जगात सर्वसाधारणपणे मानल्या जाणाऱ्या मर्यादा अशा: किलोभर मांसात सॅक्सिटॉक्सिन गट 0.8 मिलिग्रॅम, ओकाडेइक आम्ल 0.16 मिलिग्रॅम, डोमोइक आम्ल 20 मिलिग्रॅम. हॉटेलला अहवाल देताना हे तीन आकडे त्यात आहेत ना, ते बघा.

नमुना कसा पाठवता याला मी यंत्राइतकंच महत्त्व देतो. एकदा आमच्याकडे थर्मोकोलचा खोका आला. झाकण उघडलं तर बर्फ वितळून पाणी झालेलं, आणि पिशवी फुटून शिनाण्या त्या गोड्या पाण्यात पडलेल्या. अर्ध्यांची तोंडं उघडी. बोटाने टकटक केलं तर मिटायला तयार नाहीत. पाठवणाऱ्याची विनंती एकच, उद्या ट्रक सुटतोय, काहीतरी लिहून द्या. मी तो नमुना नाकारला आणि त्यांचा सौदा गेला, याचं वाईट वाटलं. पण त्या मेलेल्या मांसावरचा 'काही आढळलं नाही' हा शेरा तराफ्यावरच्या मालाबद्दल काहीच सांगत नव्हता. तेव्हा बर्फाऐवजी जेलच्या पिशव्या वापरा आणि मधे कापड किंवा वर्तमानपत्र घाला. शिनाण्या एकाच दोरावरच्या नकोत. वरून, मधून, तळातून आणि तराफ्याच्या चारही बाजूंनी थोड्या थोड्या घ्या, कारण शैवाल पाण्यात सगळीकडे सारखं पसरत नाही. सोललेलं मांस निदान शंभर-दीडशे ग्रॅम भरेल एवढ्या घ्या. तारीख, तराफा, दोर चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई ओलीत पसरते.

तपासणीत विष निघालं तर काढणी थांबवायची, माल पाण्यातच राहू द्यायचा. शिनाण्या तशाच दोरावर लटकू देत, बहर ओसरला की त्या स्वतःच मोकळ्या होतील. आठवड्याने पुन्हा नमुना. लागोपाठ दोन नमुने मर्यादेच्या आत आल्याशिवाय मी काढणी सुरू करत नाही. यात तुमचे दिवस जातील आणि पैसेही अडकतील हे मला कळतं. म्हणून हॉटेलशी बोलताना पहिल्या दिवशीच ठरवून घ्या की वर्षात काही आठवडे माल मिळणार नाही.

आता टाकी. जंतूंसाठी घेणार असाल तर तीन गोष्टी बघा. शिनाण्यांचे थर एकावर एक रचू नका, त्यांना शिंपली उघडायला जागा लागते. हवेचे बुडबुडे त्यांच्या थेट खाली सोडू नका, खाली बसलेली घाण उडून पुन्हा पोटात जाते. आणि शेवटी आधी पाणी सोडून द्यायचं, मगच माल उचलायचा, नाहीतर दोन दिवसांची मेहनत शेवटच्या मिनिटात वाया जाते. पावसाळ्यात खाडीचं पाणी भरू नका, खारेपणा उतरला की शिनाण्या मिटून बसतात आणि टाकीत दोन दिवस नुसत्या पडून राहतात.

हॉटेलच्या कागदाबद्दल बोलायचं तर 'विषमुक्त' असं कुठलीही प्रामाणिक प्रयोगशाळा लिहून देणार नाही. ती लिहील की अमुक तारखेला, अमुक तराफ्यावरून आलेल्या नमुन्यात अमुक विष अमुक मर्यादेच्या खाली आढळलं. तोच कागद त्यांना द्या, सोबत लॉटची चिठ्ठी द्या. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या जाणत्या माणसाला 'विषमुक्त' या शिक्क्यापेक्षा हा कागद जास्त पटेल.

आणि तुमच्या घरच्यांचं. शिंपले खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून पुढच्या काही तासांत ओठ, जीभ, बोटांची टोकं मुंग्या आल्यासारखी झाली, बधिर झाली, तर वाट पाहू नका. सॅक्सिटॉक्सिन मज्जातंतूंतल्या सोडियमच्या वाहिन्या बंद करतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. त्यावर उतारा नाही, पण कृत्रिम श्वासावर माणूस टिकतो आणि विष लघवीवाटे निघून जातं. म्हणून व्हेंटिलेटर असलेल्या इस्पितळात न्यायचं, डॉक्टरांना 'शिनाण्या खाल्ल्या होत्या' हे पहिल्या वाक्यात सांगायचं, आणि उरलेला माल फेकून न देता फ्रीजमध्ये ठेवायचा, तपासायला लागतो. गटातल्या बायका विक्रीतून उरलेल्या लहान शिनाण्या घरी नेतात असं तुम्ही लिहिलंय. त्याही तपासणी झालेल्या दोरावरच्याच असू देत.